पडद्यावरची जुनी लक्झरी गाडी घेताना: भोकं, ओरखडे आणि कागद

सिनेमात दिसलेली जुनी रोल्स रॉईस, बेंटली, पॅकार्ड असलं काही विकायला निघालं की जाहिरातीत इंजिनाबद्दल दोन ओळी असतात आणि हिरोबद्दल दोन पानं. घेणाराही तेच वाचतो. कुठला सीन, मागच्या सीटवर कोण बसलेलं, कुठल्या बाजूने उतरली, सगळं तोंडपाठ, पण गाडीच्या खाली कोणी वाकून बघितलेलं नसतं. ज्यांना खरंच अशी गाडी घ्यायचीय त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण यात पैसेही तसेच जातात.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की एकाच व्यवहारात तुम्ही दोन वस्तू घेताय. एक जुनी गाडी आणि दुसरा एक दावा, 'ही तीच गाडी' हा तो दावा. दोन्हीची तपासणी वेगळी करायची, वेगळ्या माणसांकडून करायची आणि किंमतही वेगवेगळी काढायची. गाडीला मेकॅनिक लागतो, दाव्याला कागद आणि सिनेमाची चांगली प्रिंट लागते. आणि या दोघांना जोडणारी एक गोष्ट असते जी बहुतेक जण हौसेने पुसून टाकतात, ती म्हणजे शूटिंगने गाडीवर सोडलेल्या खुणा. कॅमेरा बसवायला पाडलेली भोकं, वेल्ड केलेल्या पट्ट्या, घाईत मारलेला रंग. दिसायला ती खराबी असते, पण पुरावा म्हणून त्याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण कागद बनवता येतो, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं वेल्डिंग आणि त्याच्यावर चढलेला गंज बनवणं फार अवघड आहे.

आधी विचारा, सिनेमातली म्हणजे नेमकी कुठली?

पडद्यावर एकच गाडी दिसते, सेटवर दोन-तीन असतात, कधी जास्तही. क्लोज-अपसाठी चकाचक ठेवलेली असते तिला हिरो कार म्हणतात. पळवायला आणि आपटायला स्टंट कार वेगळी. आतले संवाद शूट करायला बऱ्याच वेळा छप्पर आणि दार कापलेला नुसता सांगाडा असायचा, मागच्या पडद्यावर रस्ता पळतोय आणि नट उगाच स्टिअरिंग हलवतोय असा जुना प्रकार. मग काही गाड्या फक्त प्रमोशनसाठी बनवलेल्या, ज्या शूटिंगला कधी गेल्याच नाहीत. आणि उरलेल्या रस्त्याच्या कडेला उभ्या करायच्या, गर्दी दाखवायला. 'सिनेमाशी संबंधित' हे शब्द या सगळ्यांना लागू पडतात, त्यामुळे विकणारा खोटं बोलतोच असं नाही, तो फक्त कुठली ते सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

१९६४ च्या 'गोल्डफिंगर' या जेम्स बॉन्डच्या सिनेमातल्या ॲस्टन मार्टिन डीबी५ चं उदाहरण घ्या, कारण या छंदात पुढे जे जे प्रश्न येतात ते सगळे त्यात आहेत. शूटिंगला दोन गाड्या होत्या. एक चेसिस नंबर डीपी/२१६/१, जिच्यात मशीनगन, उडणारी सीट वगैरे करामती बसवल्या होत्या, आणि दुसरी डीबी५/१४८६/आर, साध्या पळवायच्या सीनसाठी. पडद्यावर नंबर प्लेट एकच, बीएमटी २१६ए. दुसऱ्या गाडीचा खरा रजिस्ट्रेशन नंबर होता एफएमपी ७बी. म्हणजे पडद्यावर दिसणारी नंबर प्लेट हा गाडी ओळखण्याचा पुरावाच नाही, हे इथेच लिहून ठेवा, कारण दर दुसरा विकणारा तुम्हाला प्लेट दाखवून मोकळा होतो. करामतीवाल्या गाडीतली यंत्रं कंपनीने नंतर काढून टाकली आणि १९६८ मध्ये साधी सेकंडहँड गाडी म्हणून विकली, पुढच्या मालकाने तसली दुसरी यंत्रं बसवून घेतली, म्हणजे गाडी खरी पण करामती नंतरच्या. ती गाडी १९९७ मध्ये फ्लोरिडात बोका रॅटनच्या विमानतळावरच्या हँगरमधून चोरीला गेली. दुसरी २०१० मध्ये लंडनच्या लिलावात २६ लाख पौंडांना गेली.

आणि आता खरी मजा. पुढच्याच वर्षी, १९६५ ला आलेल्या 'थंडरबॉल' या बॉन्डपटाच्या प्रमोशनसाठी ज्या डीबी५ बनवल्या होत्या त्यातली एक २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला लिलावात आली. सिनेमात एकाही फ्रेममध्ये नाही, पण इतिहास स्वच्छ, काम उत्तम केलेलं आणि तेराही करामती चालू, आणि ती गेली ६३ लाख ८५ हजार डॉलरला! म्हणजे पडद्यावर पळालेल्या गाडीपेक्षा जास्त. नऊ वर्षांत बाजार बदलला हेही त्यात आलंच, पण तरी. हिरो कार महाग, स्टंट कार स्वस्त, प्रमोशनची त्याहून स्वस्त असली पायरी कुणी सांगितली तर मान डोलवा आणि सोडून द्या.

अजून एक प्रकार राहिला. पडद्यावरची गाडी मुळातच नकली असू शकते. १९८६ च्या 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ'मधली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया आठवते ना, ती फायबरच्या बॉडीची, अमेरिकन व्ही८ वाली नक्कल होती, खरी फेरारी कोण देणार आपटायला. अशी गाडी विकत घेतली तर 'पडद्यावरची' म्हणून ती शंभर टक्के खरी आणि 'फेरारी' म्हणून शून्य. घ्यायला काहीच हरकत नाही, पण घेताना माहीत पाहिजे.

कागद, म्हणजे त्या काळातले कागद

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या लक्झरी गाड्यांमध्ये एक मोठी गोम आहे. कारखाना चेसिस आणि इंजिन विकायचा, बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बनवून घ्यायचं. इंग्लंडात बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, एच जे मलिनर, अमेरिकेत ब्रूस्टर, इटलीत कास्तान्या, अशी ही घराणी. त्यामुळे चेसिसचा नंबर वेगळा, इंजिनाचा वेगळा, बॉडीचा वेगळा. आणि पुढच्या कित्येक वर्षांत कोणीतरी जाडजूड लिमोझिनची बॉडी उतरवून तिथे उघडी टुरर बॉडी चढवलेली असते कारण उघड्या गाडीला भाव जास्त. आता विचार करा, कॅमेऱ्याने बघितली बॉडी, आणि रजिस्ट्रेशन चालतं चेसिसवर. सिनेमानंतर बॉडी बदलली असेल तर सिनेमातली गाडी कुठली? याचं उत्तर वकील एक देतो, लिलाववाला दुसरं देतो. माझं म्हणाल तर बॉडी आणि चेसिस दोन्ही सिनेमाच्या वेळी एकत्र होते आणि आजही आहेत हे दिसल्याशिवाय सिनेमाचा एक पैसाही जास्त देऊ नका.

जन्माचे कागद मिळवणं तुलनेने सोपं. रोल्स रॉईसच्या जुन्या गाड्यांची चेसिस कार्डं असतात, त्यांच्या मालकांच्या इंग्लंडमधल्या क्लबमार्फत प्रत मिळते, मर्सिडीजचं डेटा कार्ड असतं, जॅग्वार-डेमलरसाठी त्यांचा हेरिटेज ट्रस्ट सर्टिफिकेट देतो. त्यात मूळ रंग, बॉडी, पहिला मालक, डिलिव्हरीची तारीख असलं सगळं. पण त्यात सिनेमाचं अवाक्षर नसतं, आणि विकणारा हे सुंदर सर्टिफिकेट फ्रेम करून तुमच्यासमोर अशा थाटात ठेवतो की जणू दावा सिद्ध झाला. नाही झाला. गाडी खरी आहे एवढंच झालं.

सिनेमाचे कागद वेगळे. बहुतेक आलिशान जुन्या गाड्या प्रॉडक्शनवाले विकत घेतच नाहीत, भाड्याने आणतात, मग भाड्याचा करार असतो, बिल असतं, इन्शुरन्सची यादी असते, ट्रान्सपोर्ट खात्याची नोंद असते, कोणत्या दिवशी काय लागणार त्याचं कॉल शीट असतं, आणि कंटिन्युइटीवाल्यांनी, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं सारखं दिसतंय ना हे बघणाऱ्यांनी, काढलेले फोटो, जुन्या काळचे पोलरॉइड. माझी चाळणी सोपी आहे, कागद त्या काळात लिहिलेला पाहिजे आणि त्याच्यावर त्या गाडीचा चेसिस नंबर किंवा खरा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. दोन्ही असेल तर सोनं. यातलं एकच असेल तर बरं, पुढे शोधा. तीस वर्षांनी कुणा युनिटवाल्याने 'हो हो हीच ती' म्हणून सही केलेलं पत्र, नटाचा गाडीशेजारी उभा राहून काढलेला फोटो, गाडीच्या डॅशबोर्डवरची ऑटोग्राफ, हे सगळं भिंतीवर लावायला छान पण नुसत्या त्याच्यावर व्यवहार म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

मग मालकांची साखळी. शूटिंग संपल्यापासून आजपर्यंत गाडी कोणाकोणाकडे होती, सलग. मधे दहा वर्षांचं भगदाड असेल तर त्या भगदाडात गाडी बदललेली असू शकते, नंबराची पट्टी एका गाडीवरून काढून दुसऱ्या गाडीवर बसवायला दोन रिबिटं पुरतात. पट्टी बघायचीच, पण चेसिसवर ठोकलेला नंबरही बघायचा, पट्टीभोवतीचा रंग बघायचा, रिबिटं कारखान्यातली वाटतात का बघायचं. आणि हो, गाडीवर कर्ज नाही ना, चोरीची नोंद नाही ना, विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, हे कंटाळवाणं काम आहे पण पहिल्या दिवशीच उरकून टाका.

फ्रेमशी गाडी जुळवायची कशी

हे काम मला सगळ्यात आवडतं, खरं सांगायचं तर गाडी घेण्यापेक्षाही जास्त. सिनेमाची मिळेल ती सगळ्यात स्वच्छ प्रिंट घ्या, नीट रिस्टोअर केलेली, मोबाईलवरची अंधुक क्लिप नको. गाडी दिसते तो प्रत्येक शॉट पॉज करून त्याचे फोटो काढा, मग त्याच कोनातून समोरच्या गाडीचे फोटो काढा आणि शेजारी-शेजारी ठेवा. मॉडेल जुळतं का हे बघायचं नाहीये, ते जुळणारच, त्या मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत जे नसेल ते शोधायचंय.

लक्झरी गाड्यांमध्ये यासाठी एक देणगीच आहे, लाकूड. डॅशबोर्डवर आणि दारांच्या वरच्या कडांना अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, बहुतेक वेळा एकाच तुकड्याचे दोन लागोपाठचे पापुद्रे आरशासारखे समोरासमोर लावून नक्षी साधलेली. ती नक्षी प्रत्येक गाडीत वेगळी, माणसाच्या अंगठ्यासारखी. पडद्यावर ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर एक गाठ दिसतेय, तिच्यापासून दोन रेषा डावीकडे वळतायत, आणि समोरच्या गाडीतही गाठ तिथेच, रेषा तशाच, तर मला बाकी फार पुरावे नकोत. फक्त आतला शॉट खऱ्या गाडीत घेतलाय की कापलेल्या सांगाड्यात हे ठरवून घ्या, नाहीतर तुम्ही भलत्याच गाडीचं लाकूड जुळवत बसाल. आणि नंतर कुणी पापुद्रा बदलला असेल तर नक्षी जुळणार नाही, त्याचा अर्थ गाडी खोटी असाच होतो असं नाही, तेव्हा त्या कामाचं बिल मागा.

लाकडाशिवाय, बाजूने ओढलेली बारीक रंगाची रेघ हाताने मारलेली असते, ती कुठे सुरू होते कुठे संपते बघा. जादा बसवलेले दिवे, आरशांची जागा, बिल्ल्याचा तिरकेपणा, चामड्यावरची मोठी सुरकुती, काचेवरचं स्टिकर. मधेच काही उलटंच दिसलं, म्हणजे स्टिअरिंग भलत्या बाजूला, तर आधी तो शॉट एडिटिंगमध्ये आरशासारखा फिरवलाय का तपासा, पाटीवरची अक्षरं उलटी आहेत का त्यावरून लगेच कळतं.

आता त्या भोकांकडे या. गाडी लिफ्टवर घ्या आणि टॉर्च घेऊन खाली जा. बंपरच्या मागे किंवा चेसिसच्या टोकाला कारखान्याने न केलेल्या पट्ट्या किंवा नळ्या, तिथे कॅमेऱ्याचा सांगाडा किंवा ओढायचा दांडा बसवलेला असतो. दाराच्या खालच्या पट्टीत ओळीने भोकं, नंतर बुजवलेली. कार्पेट उचललं की जमिनीच्या पत्र्यात वायर जायला पाडलेलं भोक. क्रोमवर फिकट डाग, कारण चकाकी घालवायला क्रोमवर मॅट स्प्रे मारतात आणि तो नीट पुसला नाही तर खाचांमध्ये राहतो. आणि एक खास गोष्ट, शूटिंगमध्ये धूळ म्हणून जी उडवतात ती बऱ्याच वेळा मुलतानी माती असते, पिठासारखी बारीक. दाराच्या आतलं पॅनेल काढलं की तळाला, किंवा सीटखालच्या रुळांमध्ये तिचा फिकट थर सापडतो, घट्ट बसलेला. सापडला तर झटकून टाकू नका प्लीज, फोटो काढा, थोडी पुडीत भरून ठेवा, तारीख लिहा.

हीच भोकं मेकॅनिकलाही दाखवायची, कारण त्यांची दुसरी बाजू आहे. चेसिसला वेल्ड केलं म्हणजे तिथे ताकद कमी झालीय का, गंज आत गेलाय का, स्टंटच्या गाडीत मागचा ब्रेक वेगळा जोडला होता का, सस्पेन्शनचे जोड तडकलेत का. सिनेमात गाडी हवेतून उडून पडलेली बघताना टाळ्या वाजवल्यात, आता तो सांधा बोटाने चाचपून बघा.

गाडी म्हणून गाडी

सिनेमा पाच मिनिटं विसरून जा. गाडी सकाळी थंड असताना बघायला जा आणि पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा, गरम लागला तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना काहीतरी कुरकुर आहे. कॉम्प्रेशन टेस्ट, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर, रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग, सायलेन्सरचा धूर, हे कुठलाही मेकॅनिक बघेल, पण त्या मॉडेलवर काम केलेला मेकॅनिक न्या, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च करा, त्यात काटकसर करू नका.

कोचबिल्ट गाडीत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो, बहुतेक ॲश लाकडाचा. पत्रा चकचकीत आणि आत लाकूड भुसा झालेलं, हे नेहमीचं. दार अर्धं उघडा आणि टोकाला धरून हळूच वर उचला. बिजागरी ढिली असेल तर बिजागरीपाशी हलतं, खांबच सडला असेल तर आख्खा खांब दारासोबत कुरकुरत हलतो. खांबाचं काम म्हणजे पत्रा उतरवणं आलं, आणि तो खर्च इंजिनाच्या खर्चाला लाजवतो. पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरलीय बघायला लोहचुंबक नेतात लोक, पण यातल्या बऱ्याच बॉड्या ॲल्युमिनियमच्या असतात, तिथे चुंबक कुठेच चिकटत नाही आणि माणूस घाबरून घरी जातो. रंगाची जाडी मोजायचं मीटर न्या, आणि ते ॲल्युमिनियमवर चालणारं आहे ना बघून न्या.

मॉडेलप्रमाणे दुखणी वेगळी. खलनायकाची लाडकी रोल्स रॉईस फँटम ३ घ्या, १९३६ ते १९३९ मधली, साधारण ७.३ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, सुरुवातीच्या गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणारे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग. त्यांना अगदी स्वच्छ तेल लागतं, तेलात कचरा गेला की टॅपेट आणि कॅमशाफ्ट दोन्हीची वाट लागते, आणि बारा सिलिंडर म्हणजे सगळं बारा वेळा. रोल्स रॉईसचीच १९६५ पासूनची सिल्व्हर शॅडो घ्यायला स्वस्त वाटते आणि सिनेमांमध्ये भरपूर वापरली गेली, पण तिची ब्रेक आणि मागचं लेव्हल राखायची यंत्रणा सिट्रोएनच्या लायसन्सखालची हाय-प्रेशर हायड्रॉलिक. गाडी थोडी चालवून इंजिन बंद करा, स्विच ऑन ठेवा आणि ब्रेक दाबत रहा, मोजत रहा. तब्येत चांगली असेल तर बऱ्याच वेळा दाबूनही लाल दिवा लागत नाही, दोन-चार दाबण्यात लागला तर प्रेशर साठवणारे गोळे गेले. मर्सिडीज ६००, जी १९८१ पर्यंत बनली आणि एकूण २६७७ च बनल्या, तिच्या काचा, सीटा, डिकीचं झाकण सगळं हायड्रॉलिकवर, एकदम बिनआवाजी, आणि काच चढताना बोट मधे आलं तर ती थांबत नाही. त्यात गळती असेल तर आधी सगळं आतलं काम उकलावं लागतं. ही तीन नावं नुसती वानगीदाखल, तुमच्या मॉडेलचं दुखणं त्याच्या मालकांना विचारा, ते तासभर बोलतात.

किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नका. सिनेमाच्या गाड्या ट्रेलरवरून आल्या नि गेल्या, आकडा कमी असणारच, पण तासन्‌तास जागेवर इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या असतात, दिव्यांच्या उकाड्यात. त्याची नोंद कुठल्या मीटरवर होत नाही.

किंमत आणि लिलाव

कागदावर दोन आकडे लिहा. तीच गाडी, त्याच अवस्थेत, सिनेमाशिवाय कितीला जाते हा पहिला. हा गेल्या काही वर्षांच्या लिलावांच्या निकालांवरून निघतो, मागितलेल्या किमतीवरून नाही, झालेल्या विक्रीवरून. सिनेमासाठी तुम्ही वर किती द्यायला तयार आहात हा दुसरा. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट व्हायला लागला की नाकापेक्षा मोती जड होतोय हे ओळखा, कारण सिनेमाची लोकप्रियता पिढीबरोबर ओसरते, गाडीची फारशी नाही. १९५० च्या 'सनसेट बुलेवार्ड'मधली इसोटा फ्रास्किनी ही इटालियन गाडी आज तुरीनच्या मोटार म्युझियममध्ये आहे, आणि तो सिनेमा न बघितलेला माणूसही तिच्यासमोर थांबतो, कारण ती गाडीच तशी आहे. असली गाडी घ्यावी.

कॅटलॉगची भाषा हळूहळू वाचा, तिथे वकील बसलेले असतात. 'सिनेमात वापरलेली' आणि 'वापरली असल्याचं समजतं' आणि 'सिनेमात होती त्या प्रकारची' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तिन्ही वाक्यांखाली फोटो मात्र त्याच सीनचा असतो. बोली लावायच्या आधी लेखी विचारा, फोनवर नाही. आणि हातोडा पडला ती किंमत शेवटची नसते, त्यावर खरेदीदाराचं कमिशन चढतं, 'बुलिट' सिनेमातली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये ३४ लाख डॉलरच्या बोलीवर सुटली आणि कमिशन धरून ३७ लाख ४० हजाराला पडली. वर टॅक्स, वाहतूक, दुसऱ्या देशातून येणार असेल तर कस्टम. हे सगळं मिळून तुमची मर्यादा ठरवा आणि हॉलमध्ये शेजारच्या माणसाशी स्पर्धा करू नका.

घेतल्यावर लगेच रंगवायला नेऊ नका

त्या मस्टँगचंच बघा. लक्झरी गाडी नाही ती, पण धडा यासारखा दुसरीकडे नाही. १९७४ मध्ये एका कुटुंबाने घेतली, घरचं रोजचं वाहन म्हणून चालवली, मग कित्येक वर्षं बंद ठेवली. सिनेमाचा हिरो स्टीव्ह मॅक्वीनने स्वतः १९७७ मध्ये ती परत विकत मागायला पत्र लिहिलं, ते पत्र त्यांनी जपून ठेवलं. २०१८ मध्ये गाडी लोकांसमोर आली ती तशीच, उडालेला रंग, गंज, आणि कॅमेऱ्यासाठी वेल्ड केलेले तुकडे तसेच खाली. कुणी ती चकाचक करून घेतली असती तर नुसती एक हिरवी मस्टँग उरली असती आणि पुढे वर्षानुवर्षं वाद.

पण दरवेळी इतकं सोपं नसतं. १९७४ च्या 'द ग्रेट गॅट्सबी'साठी १९२८ ची, रोल्स रॉईसच्या अमेरिकेतल्या कारखान्यातली फँटम १ सिनेमासाठी पिवळट क्रीम रंगवली, कादंबरीतल्या वर्णनाशी जुळावी म्हणून. आता अशा गाडीच्या मालकाने काय करावं, कारखान्याच्या मूळ रंगावर जावं की सिनेमाच्या? विंटेज स्पर्धांचे परीक्षक मूळ रंग बघतात, सिनेमावाले सिनेमाचा. मी तर म्हणेन की सिनेमासाठी जास्तीचे पैसे मोजून गाडी घेतली असेल तर सिनेमाच्या दिवशी जशी होती तशीच ठेवा, मूळ रंगाची हौस दुसऱ्या गाडीवर भागवा. ज्याला सुरक्षेचा प्रश्न आहे ते तेवढं बदला, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलच्या रबरी नळ्या कारण आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर कुजतं, कापडी वेष्टणाची चुरा झालेली वायरिंग, आणि टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, नक्षी कितीही खोल असली तरी जुना टायर तो जुनाच. काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचा.

इन्शुरन्स ठरलेल्या रकमेचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार हे आधीच लिहिलेलं, नाहीतर कंपनी तुम्हाला साध्या गाडीचा भाव देईल आणि सिनेमाचे पैसे हवेत. त्यासाठी पुराव्यांची फाइल लागते, ती स्कॅन करून गाडीपासून लांब ठेवा. आणि गाडी घेतली म्हणजे सिनेमाचं नाव, पोस्टर, बोधचिन्ह यांचे हक्क आले नाहीत. ते छापून टी-शर्ट विकायला निघालात तर नोटीस येईल. अमेरिकेत २०१५ मध्ये कोर्टाने बॅटमोबाईल ही बॅटमनची गाडीच कॉपीराइटखाली येते असा निकाल दिला आणि तिच्या नकला बनवून विकणारा हरला, तेव्हा नक्कल बनवायचा धंदा डोक्यात असेल तर आधी वकिलाकडे जा.

राहता राहिलं, कधीतरी दुसरा सिनेमावाला तुमच्याकडे ती भाड्याने मागायला येणार. द्यायला हरकत नाही, पण करारात स्वच्छ लिहा की भोक पाडायचं नाही, वेल्डिंग नाही, कॅमेरा चिकटवायचा तर सक्शनवर आणि तोही ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा सोडून, क्रोमवर स्प्रे नाही, चालवणार तुमचाच माणूस. नट चालवतो हा शॉट पाहिजेच असेल तर गाडी ट्रेलरवर चढवून ओढा. देण्याआधी आणि परत आल्यावर प्रत्येक बाजूचे फोटो, दोघांच्या सह्या. आणि निघताना त्यांच्याकडून त्या दिवसांची कॉल शीट आणि ट्रान्सपोर्टची नोंद मागून घ्या, चेसिस नंबर त्याच्यावर आपल्या देखत लिहून घ्या, तेव्हा ते हसत हसत देतात, वीस वर्षांनी मागितलं तर कुणाचा फोनही लागत नाही.